कोंडाजीची बायको

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळचा पहिलाच पेशंट कवळीचं माप द्यायला आलेला. माप तोंडात घट्ट होईपर्यंत सहज फोन पाहिला आणि माप काढायचंच विसरले. म्हातारबाबा ऊं ऊं करत हात हलवायला लागले तेव्हा भानावर आले. माफी मागितली. माप चांगलं आलं, नशीब.

इंग्लंडच्या एका म्युझियमचं उत्तर आलंय. रमेशदादाच्या आग्रहाखातर दिवाळीच्या सुमारास मी दोन-चार ठिकाणी मेल टाकले होते. माझा चुलतभाऊ. त्याचं म्हणणं, "तू डाक्टर हायेस, तुह्या इंग्रजीले लोक जवाब देतीन." दिला.

"तुम्ही ज्यांचा फोटो मागता त्यांचा फोटो आमच्याकडे नाही. मात्र त्यांचा चेहरा आहे."

खाली चित्र. प्लास्टरचं डोकं, मानेपर्यंत. वरून तपकिरी रंग, कानाजवळ उडालेला. डोक्यावर पागोटं नाही, काही नाही. डोळे मिटलेले. मानेच्या कडेला इंग्रजीत कोरलंय: कोंडाजी, शेतकरी, वऱ्हाड.

आमचे खापरपणजोबा, कोंडाजी आबा. राणीच्या राज्यात लंडनला मोठं प्रदर्शन भरलं, तिथं वऱ्हाडचा कापूस घेऊन गेलेले. तेव्हापासून धामणगाव बढ्यात आमच्या घराला आडनावानं कोणी ओळखत नाही, 'विलायते' म्हणतात. दादा तिथं चौकात त्यांचा पुतळा बसवतोय, मे महिन्याच्या एक तारखेला. मूर्तिकाराला द्यायला चेहरा नव्हता, म्हणून ही शोधाशोध.

तर चेहरा मिळाला. बाबांची हनुवटी. बाबांना शेवटचं पाहिलं, नाकात कापूस घालायच्या आधी, तेव्हा अगदी असेच दिसत होते.



११ फेब्रु., बुधवार

दादाला चित्र पाठवलं. लगेच फोन.

"वृषे, डोये काऊन मिटले त्याचे? मेला होता का?"

म्हटलं, नाही दादा, जिवंत होते. जिवंत माणसाच्या तोंडावर प्लास्टर ओततात, वाळलं की उचलतात. डोळे मिटावेच लागतात.

"तोंडावर? अन् श्वास कसा घेते मानूस?"

"नाकात नळ्या घालतात."

"ठीक हाय. मूर्तीवाल्याले सांगतो, डोये उघडून दे म्हनाव. पागोटंबी घालू." आणि आनंदानं रडला. रडला खरंच. गावात पेढे वाटतोय म्हणे.

मला पेढा नको वाटला. का ते कळत नाही. दिवसभर लोकांच्या तोंडात माप घालायचं काम माझं. माप पाहिलं की कळतं, देणारा कसा बसला होता, निवांत की घाबरून.

१७ फेब्रु., मंगळवार

संध्याकाळची ओपीडी लवकर उरकली. म्युझियमच्या बाईंशी व्हिडिओ कॉल. मार्था नाव. साठीच्या असतील, गळ्यात चष्मा. माझा नवरा अनिल शेजारी बसला होता.

सुरुवातीलाच म्हणाल्या, तुम्हाला त्रास होईल असं काही सांगावं लागेल, सांगू का? मी म्हटलं सांगा. माणूस काय म्हणणार दुसरं.

त्यांनी सांगितलं ते असं. प्रदर्शनासाठी प्रत्येक मुलखातून माल मागवला होता. वऱ्हाडातून कापूस, सरकी, कपाशीची झाडं, रुई-सरकी वेगळी करायचा हातरेचा, चरखा. आणि हे सगळं वापरणारी माणसं. तीही मागवली होती, मालासारखीच. तिथं मांडवात एक झोपडी उभारली. कोंडाजी तिच्यापुढे बसून रेचा फिरवायचे. लोक दोरीच्या पलीकडून बघायचे. सकाळपासून मांडव बंद होईपर्यंत. प्रदर्शन संपल्यावर माणसं परत जाणार, मग जवळ नमुना राहावा म्हणून चेहऱ्यांचे साचे घेतले.

'नमुना' हा शब्द त्यांनी दोनदा वापरला आणि दोन्ही वेळा खाली बघितलं.

मी विचारलं, कोंडाजींना हे आधी माहीत होतं? मार्था म्हणाल्या, बहुतेक असावं. वऱ्हाडातल्या साहेबानं गावातून सामान आणि माणसं जमवायचं काम त्यांच्यावरच सोपवलं होतं.

म्हणजे आणणारेही तेच, आणलेलेही तेच.

आमच्या घरात सांगतात 'कापूस घेऊन गेले.' कापसाबरोबर गेले.

हे पचत नाही तोवर मार्था म्हणाल्या, "आणि त्यांच्या पत्नीचाही चेहरा आहे."

पत्नी? खापरपणजीनं गावची शीव ओलांडली नव्हती. त्या साली तिच्या पोटात माझे पणजोबा होते, बाबांनी कितीदा सांगितलंय. मी म्हटलं, चूक असेल. मार्थांनी काही न बोलता चित्र पडद्यावर आणलं.

अनिलनं पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग उठून पाणी आणायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

मी. माझा चेहरा. कपाळ, गालफडं, वरच्या ओठाची ती डावीकडची वाकडी रेघ, जिच्यावरून कॉलेजात मला चिडवायचे. पंचविशीतली मी, तपकिरी रंगवलेली, डोळे मिटून.

मानेवर कोरलंय: कोंडाजीची बायको. नाव नाही.

१८ फेब्रु.

दवाखाना बंद ठेवला. 'डॉक्टर बाहेरगावी' अशी पाटी लावली आणि आत बसून राहिले.

आरशापुढे जाववत नाही.

१९ फेब्रु., गुरुवार

मार्थांनी मोठी चित्रं पाठवली. मूळ साच्याचीही, म्हणजे चेहऱ्यावरून उचललेला तो उलटा, आतून पोकळ भाग. त्यांच्याकडे तोही आहे.

आबांचा साचा स्वच्छ. भुवयांना, मिशांना नीट तेल लावलेलं, केस चापून बसवलेले. हिच्या साच्यात डाव्या भुवईच्या जागी काळं काहीतरी. मोठं करून पाहिलं.

केस आहेत. प्लास्टरमध्ये रुतलेले. भुवईचे, पापणीचेही काही. तेल लावलंच नव्हतं. साचा उचलला तेव्हा उपटून आले.

आणि जबडा. दात आवळले की कानाखालचा स्नायू गोळा होतो, भित्र्या पेशंटचा रोज बघते. हिचा दोन्ही बाजूंनी टरारलेला. आबांचा सैल.

मार्थांना विचारलं, ते केस खरे आहेत का. उत्तर: "हो. आम्हालाही तुम्ही विचारल्यावरच दिसले. मला माफ करा."

इतकी वर्षं कपाटात आहेत तिचे केस.

२२ फेब्रु., रविवार

पिंपळगाव राजाला गेले, शांताआत्याकडे. बाबांची बहीण, आमच्या घरातली आता तीच सगळ्यात मोठी. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, पण गहू निवडायला बसली होती. बोटांनी खडा ओळखते.

सांगितलं सगळं. वाटलं, म्हातारीला धक्का बसेल. आत्या खडे काढत राहिली. मग म्हणाली,

"बायको नाई व्हय ते."

"मग?"

"बहीन व्हय आबाची. लहानी."

मला ऐकूच आलं नाही नीट. परत विचारलं. आत्यानं सूप बाजूला ठेवलं.

"माह्या आजीनं सांगतलं होतं मले. एकटीलेच. नवरा मेला अन् पोर घरी आलती. पाट लावून द्याचा इचार चालू होता तिचा. तेवढ्यात सायेबाचं हे निंघालं. त्याले जोडपं पाह्यजे होतं म्हने, नवरा-बायको, झोपडीत बसवाले. आबाची बायको दोन जिवाची. थे कशी जाईन? मंग हिले नेलं."

"बायको म्हणून? सख्ख्या बहिणीला?"

"तिथं कोन वयखते, असं म्हने आबा."

"तिला माहीत होतं?"

"थे मले काय ठाव, माय."

मग आत्यानं सांगितलं की येताना ती जहाजावरून पाण्यात गेली. आबांनी घरी येऊन तेवढंच सांगितलं. सुतक पाळलं, विषय संपला. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं घागरी भरतात तेव्हा आमच्याकडे एक लहान घागर वेगळी, उंबऱ्याबाहेर ठेवायचे. मला लहानपणी वाटायचं वाटसरूसाठी असेल. ती हिची. 'पाण्यातलीची घागर'.

"नाव काय होतं तिचं?"

"पान्यातली."

"खरं नाव, आत्या."

"नाव इचारलं का आजी माह्या तोंडावर हात ठेवे. मंग म्या इचारनंच सोडलं."

येताना बसमध्ये दोन सीट पुढे एक भाऊ-बहीण बसलेले, पेरूवरून भांडत. खामगाव येईपर्यंत त्यांच्याकडेच बघत होते.

१ मार्च, रविवार

दादाला सांगितलं. फोनवर नको म्हणून धामणगावला जाऊन सांगितलं. ओसरीत मूर्तिकारानं पाठवलेला मातीचा नमुना ठेवलेला, पागोट्यासकट, डोळे उघडे. शेजारच्या बाया हळदीकुंकू लावून गेलेल्या.

दादा आधी हसला. मग चिडला. मग म्हणाला, "कोनाले सांगतलं तू हे?"

"आत्यानं मला सांगितलं. तूच पहिला."

"तं मीच शेवटचा असू दे."

मी म्हटलं, दादा, बहीण होती.

"मंग? सायेबाच्या राज्यात गरीब मानूस काय करन? त्यालेबी बसवलंच ना दोरीच्या आत? तूच म्हनतं ना, त्याच्याबी तोंडावर वतलं म्हनून?"

खरं आहे. निघताना वहिनी फाटकापर्यंत आली. म्हणाली, "ताई, मले तिचा फोटो दाखवा." दाखवला. तिनं तोंडाला पदर लावला आणि माझ्याकडे बघेना.

८ मार्च, रविवार

जे केलं ते लिहून ठेवते. अनिलला नको होतं.

दवाखान्यातल्या खुर्चीत आडवी झाले. भुवयांना, पापण्यांना व्हॅसलीन, नाकात दोन नळ्या. प्लास्टर अनिलनं कालवलं, मी सांगितलं तसं. ठरलं होतं, थांबायचं असलं की मी हात वर करायचा.

आधी गार. मग जड. तोंड उघडता येत नाही, डोळे उघडता येत नाहीत, कान भरले की आवाज जातात. आतून फक्त आपलाच श्वास, नळीतून, शिट्टीसारखा. मला सगळं माहीत आहे. प्लास्टर घट्ट होताना तापतं हेही माहीत आहे, शिकवलंय मी ते विद्यार्थ्यांना. तरी तापायला लागलं आणि मला वाटलं, आता हे थांबणार नाही.

हात वर केला. अनिलनं लगेच काढलं, अर्धं ओलंच. मी ओरडत होते म्हणे. मला आठवत नाही.

शांत झाल्यावर अनिल म्हणाला, "झालं समाधान?" आणि स्वतःच रडायला लागला.

तिनंही हात वर केला असेल. भोवतीच्या कोणाला कळलं असेल त्याचा अर्थ?

आबांना कळला असता. आबा तिथंच असणार. आधी त्यांचं झालं असेल, मग तिला म्हणाले असतील, काही होत नाही, बस.

१४ मार्च, शनि.

अकोल्याच्या लॅबमधून पार्सल. मार्थांनी पाठवलेल्या फाइलवरून तिचा चेहरा थ्री-डी प्रिंटरवर छापून घेतला, पूर्ण मापाचा. पांढरा. रंग मुद्दाम नको म्हटलं.

ड्रॉवरमध्ये ठेवणार होते, पण ड्रॉवर बंद करवेना.

१५ मार्च, रविवार

आत्याच्या हातात दिला. काही सांगितलं नाही.

कपाळापासून सुरू केलं तिनं, बोटं हळूहळू खाली. ओठांपाशी थांबली. परत गेली. मग दुसरा हात लांब करून माझं तोंड चाचपलं.

"हे तं तू हायेस, पोरी."

"मी नाही आत्या."

बराच वेळ मांडीवर घेऊन बसली. सुनेनं चहा आणला, तो गार झाला. शेवटी म्हणाली, "दात काऊन आवयले इनं एवढे?"



२४ मार्च, मंगळवार

आज जे आलं त्यानं मागचं सगळं फिरवलं.

मार्थांचा मेल. दुसऱ्या गोदामात आणखी एक चेहरा सापडलाय. प्रदर्शनाच्या सामानातला नाही. तिथल्याच एका शिल्पकाराच्या घरातून पुष्कळ वर्षांनी म्युझियममध्ये आलेला. कोणाचा ते कोणी कधी तपासलं नाही. "मला एक शंका आहे, पण तुमची नजर माझ्यापेक्षा तयार आहे. तुम्ही बघा."

उघडलं.

बाई. चाळिशी उलटलेली. गाल आत गेलेले, खालच्या दाढा पडल्यात, उजव्या बाजूच्या तर सगळ्याच. कपाळावर आठ्या. वरच्या ओठाची डावीकडची रेघ वाकडी. डाव्या भुवईत मधेच टक्कल, जिथून केस उपटले होते तिथं परत आलेच नाहीत.

तीच.

ती पाण्यात गेली नव्हती.

खुर्चीतला पेशंट विचारत होता, मॅडम, तुम्हाला बरं नाही का? त्याला उद्या यायला सांगितलं.

जगली ती. तिथंच. म्हातारी व्हायला आली. आणि इथं तोवर कित्येक वर्षं उंबऱ्याबाहेर घागर.

या चेहऱ्याला भुवयांवर तेल आहे, नीट लावलेलं. जबडा सैल. आणि मानेवर कोरलेलं एकच नाव, शिल्पकाराच्या हातचं, वळणदार.

साळू.

२५ मार्च

साळू. साळू. साळूबाई. भाजी चिरताना म्हणून बघते.

अनिल विचारतो, मेल्यावर घेतला असेल का तो साचा? जबडा सैल आहे म्हणतेस म्हणून. मलाही काल रात्रीपासून तेच वाटतंय. चित्र पुन्हापुन्हा बघितलं. सांगता येत नाही. सुखानं डोळे मिटलेलं माणूस आणि मेलेलं माणूस, प्लास्टरमध्ये फरक राहत नाही. तिचा चेहरा सुखाचा असावा असं मला वाटतंय म्हणून मला तसा दिसत असेल.

५ एप्रिल, रविवार

दादा न सांगता खामगावला आला. दवाखान्यात, रविवारचा. सरळ पेशंटच्या खुर्चीत बसला, कुठं बसावं कळलं नाही बहुतेक.

दोन्ही चेहरे त्याच्या हातात दिले. तरुण, मग चाळिशीचा. दुसराही मागवला होता लॅबमधून. त्यानं भुवईवरून अंगठा फिरवला.

"आबानं खोटं सांगतलं घरी."

"किंवा त्यांना कोणी तसं सांगितलं."

"जहाजात सोबत नसन बहीन, तं मानसाले कयत नाई का?"

त्यानं चेहरा मांडीवर ठेवला.

"का सोडून आला तिले?"

"तीच म्हणाली असेल, येत नाही."

"अशी कशी म्हनन? भाषा नाई, मानूस नाई. इथं तिचं..." आणि थांबला. काहीतरी मोजत असल्यासारखा बघत राहिला भिंतीकडे. तिथं दात घासायच्या पद्धतीचा तक्ता आहे.

मग म्हणाला, "गावात आली असती तं काय म्हनून ठेवली असती तिले? तिकडे वर्षभर जगानं त्याची बायको म्हनून पाह्यली. जहाजात गावचे आनखी लोक असतीन. बोलले असते."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

जाताना त्यानं चाळिशीचा चेहरा मागितला. पिशवीत नको, हातातच दे म्हणाला. बसस्टँडपर्यंत तसाच घेऊन गेला, लोक बघत होते.

१३ एप्रिल, सोम.

वहिनीचा फोन. दादानं मूर्तिकाराचं काम थांबवलंय. चौथरा बांधून झाला, वर निळी ताडपत्री. गावात विचारतात तर म्हणतो चेहरा बरोबर जमला नाई. पुतळा समितीतली माणसं रोज घरी येऊन बसतात, वर्गणी जमवलेली, पत्रिका छापायला टाकलेल्या. "कोनाशी बोलत नाईत, ताई. थो चेहरा टीव्हीच्या बाजूले ठेवला हाय."

मार्थांनी अधिकृत विचारलंय: चेहरे परत हवेत का. साचा, त्यातल्या केसांसकट. कुटुंबानं मिळून कळवावं.

दादा म्हणतो आणू, अग्नी देऊ केसांना. अनिल म्हणतो घाई नको. मी अजून काही म्हणत नाही.

१९ एप्रिल, रविवार. अक्षय तृतीया, आमची अखजी

सगळे आत्याकडे. दादा-वहिनीही आले. लाल घागरी धुऊन मांडलेल्या, वाळ्याचा वास, पुरणाचा वास. बाहेर ऊन रणरणतं.

आत्यानं लहान घागर हातात घेतली आणि बसून राहिली.

"पान्यात नाई गेली म्हनतं तू. तं पान्यातलीची घागर कशी भरू?"

सून म्हणाली, "राहू द्या मंग अत्याबाई."

"राहू कशी देऊ? मेली तं असनच ना कवातरी. तिकडे कोनं भरली असन?" मग माझ्याकडे तोंड करून, "नाव सांग, काय निंघालं ते."

"साळू."

आत्यानं दोनदा ओठ हलवले. मग मोठ्यानं म्हणाली, "साळूबाई," आणि घागर भरली. बाहेर नेली नाही. आतच, ओळीत ठेवली, तिच्या आजीच्या घागरीशेजारी.

कोंडाजी आबांची घागर मोठी. ती दरवर्षी दादा भरतो. आज तांब्या हातात घेऊन उभाच. पोळी करपल्याचा वास आला तेव्हा सून आत पळाली.

आत्याला दिसत नाही, पण कळलं.

"भर, बाबा. तहान त्यालेबी लागन."

भरली. निम्मं बाहेर सांडलं.

जेवण कोणाला गेलं नाही. आमरस पातेलंभर उरला.

२३ एप्रिल, गुरुवार

मार्थांचा छोटा मेल. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ त्या शिल्पकाराच्या घराची चौकशी करत म्युझियममध्ये आले होते. त्यांच्या आजीची आई तिथं कामाला होती म्हणे. तेव्हा कोणी जोडलं नाही. आता मार्थांनी त्यांना तो चेहरा पाठवला. त्यांना माझ्याशी बोलायचंय. पत्ता देऊ का?

आजीची आई.

'द्या' एवढंच लिहिलं. अनिलला फोन लावून मेल वाचून दाखवला. तो म्हणाला, घरी येतो.

२८ एप्रिल, मंगळवार

दुपारी त्या गृहस्थांचं पत्र आलं. सोबत फोटो. सत्तरीचा माणूस, गोरा, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेला, अंगात स्वेटर. केस पांढरे. वरचा ओठ डावीकडे वाकडा.

स्टुलावर बसले.

लांब लिहिलंय त्यांनी: आमच्या घरात तिला सॅली म्हणत. माझी आजी तिची एकुलती मुलगी. आजीचा बाप कोण ते आम्हाला ठाऊक नाही. ती त्या घरात आधी भांडी घासायला होती, नंतर स्वयंपाक करायची, शेवटपर्यंत तिथंच राहिली. फार बोलायची नाही. दुकानातून कापूस आणायची आणि तळहातावर वळून त्याच्या बारीक बारीक दोऱ्या करून डब्यात ठेवायची. कशासाठी ते आजीला कधी कळलं नाही. तुम्हाला माहीत आहे का?

वाती. वाती वळत होती ती.

मग शेवटी: "आजी सांगायची, आईला तिच्या देशात कुणीच उरलं नव्हतं, म्हणून ती इथं राहिली. तुमचं पत्र पाहून मी रात्रभर विचार करतोय. तुम्ही तर आहात. मग ते खरं नव्हतं का? तिला कोणी होतं का तिकडे?"

वातींचं लिहिलं. देवापुढे लावतात, कशा वळतात, सगळं. अर्धं पान झालं. मग हात थांबला तो थांबलाच. बाहेर दोन पेशंट, एकाची दाढ सुजलेली, त्याला आत घेतलं, औषध दिलं, परत येऊन बसले.

दादाला फोन लावला. मोताळ्याच्या बाजारात होता, मागे भाजीवाल्यांची ओरड. म्हटलं बाजूला हो, वाचून दाखवते. पूर्ण वाचलं, मराठी करत करत. पलीकडे ओरड तेवढी ऐकू येत होती. वाटलं फोन खिशात ठेवला की काय.

"दादा?"

"हाव. आयकून राह्यलो."

"काय लिहू त्याला?"

"त्याले लिह्य, आमी इचारून सांगतो."

"कोणाला विचारून? सांगणारं कोण उरलंय?"

त्यानं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.